भोंग्याशेजारचं बटण

ही गोष्ट खरी आहे. मी कल्पिता. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आठ वर्षं पॅनल वायरिंगचं काम करते. बटण आपोआप दाबलं गेलं असं कुणी म्हटलं, तर मी आधी त्याची वायर बघते. हेही मी बघितलं होतं. म्हणून लिहितेय.

मागच्या नोव्हेंबरातला रविवार. रात्र नव्हती, भर दुपार होती. जागा, चारकोप गावामागची खाडी.

तिथे माझ्या बाबांची शिडाची छोटी होडी आहे.

बाबांना वाचता यायचं नाही. होडीत बॅटरीवर चालणारी पाच बटणं होती आणि प्रत्येकावर त्यांनी ऑइल पेंटने एकेक मासा काढला होता. फक्त पंपावर खेकडा. कारण पंप होडीच्या तळाशी बसतो, आत शिरलेलं पाणी बाहेर फेकतो, आणि खेकडाही तळालाच असतो. वायर हाताला लागेल त्या रंगाची. पंपाची पिवळी.

ते बघून माझ्या डोक्यात जायचं. मी दिवसभर सरळ रेषेत वायर ओढणारी बाई, आणि माझ्याच घरच्या होडीत हा गुंता.

त्या जूनमध्ये पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढली होती, तेव्हा मी सगळं उपटून काढलं. आमच्या कारखान्यात असते तशी सगळी राखाडी वायर घातली. माशांवर पांढरा रंग फासला आणि छापील लेबलं चिकटवली.

पंपाची तेवढी पिवळी राहू दे, असं बाबा दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. पिवळी कारखान्यातल्या थ्री-फेज विजेच्या कामाला, नियम म्हणजे नियम, असं सांगितलं. लेबलांचं काय, असं त्यांनी विचारलं नाही, नुसते बघत राहिले.

मी हसत म्हटलं, "पाच तर शब्द आहेत बाबा. पाठ होतील."

"झकास झायलंय गो बाय," ते म्हणाले.

सप्टेंबरात होडी मनोरीच्या बाहेर समुद्रात सापडली. अर्धी पाण्याने भरलेली.

बाबा दोन दिवसांनी सापडले.

भोंग्याचं बटण चालू होतं. त्याच्या शेजारचं पंपाचं, बंद.

बाबांचं नाव लहू. सगळे म्हणाले, लहूने मदतीसाठी भोंगा वाजवला असणार. मी मान डोलावली. घरी आणून पंप तपासला. ठणठणीत होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात माझा चुलतभाऊ परेश होडी घेणार होता. खाऱ्या पाण्याने वायर सडली होती, ती बदलून द्यायची होती. या वेळी मी पाच रंग आणले. पंपाला पिवळा. नवीन फळी ठोकली, बटणं बसवली, लेबलं लावली.

एकही वायर अजून जोडली नव्हती. बॅटरी घरी होती. ओहोटीमुळे होडी चिखलात रुतली होती, आत पाण्याचा थेंब नव्हता.

मी खाली मान घालून वायर सोलत होते. आणि…

टक.

वर बघितलं. भोंग्याचं बटण दाबलेलं.

सैल असेल म्हणून काढून बघितलं. घट्ट होतं. बंद करून परत बसवलं.

टक.

पुन्हा भोंगा.

तेव्हा लक्षात आलं, कावळे ओरडत नव्हते. रस्त्यावरच्या रिक्षांचाही आवाज नव्हता. कशाचाच नव्हता…

मग मला लेबल दिसलं. 'भोंगा' या शब्दाखाली ओली रेघ उमटत होती. माझ्या डोळ्यांसमोर. 'भो'पाशी थांबली. जरा पुढे गेली. परत मागे आली. पहिलीतलं पोर अक्षराखाली बोट धरून वाचतं, तशी.

पळावंसं वाटलं नाही. खूप रडू आलं.

"बाबा, हा भोंगा आहे," मी म्हटलं. "पंप त्याच्या शेजारी."



टक.

पंप.

बटण बंद झालं. पुन्हा चालू झालं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार वेळा. प्रत्येक वेळी बरोबर.

मग मी ते विचारलं. विचारायला नको होतं.

"त्या दिवशी तुला पंप सापडला नाही ना रे बाबा? माझ्यामुळे?"

काहीच नाही.

रेघ वाळत गेली. कावळे ओरडायला लागले.

घरी आई, मथुरा तिचं नाव, मोरीत बोंबील साफ करत होती. मी जे बघितलं त्यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं की जुलै-ऑगस्टात बाबा संध्याकाळी होडीत जाऊन काय करायचे.

आईने हात थांबवला.

"शिकत होता. रोज सांजचा. अक्षराखाली बोट फिरवायचा. माना बोलला, बायला सांगू नको, तिला वायट वाटंल."

होडी परेशला दिली नाही. कारण विचारतो, मी टाळते. अजूनही रविवारी जाऊन त्या फळीसमोर बसते आणि तोच प्रश्न विचारते. एकदाही काही हललं नाही. बाबा तिथे नाहीत, की आहेत आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलेत, हे मला कळत नाही.

उठताना म्हणते, "बाबा, एकदा तरी ओरड ना माझ्यावर."

आणि थोडा वेळ थांबून बघते.