जहाजाच्या तळातलं ध्रुपद

“मी उतरतो, पण माझ्या चचांना सांगायचं नाय,” गल्लीतल्या शफीकनं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळत बजावलं.

“तुझे चचा नहरीचे मुकादम, म्हणून तर तुला पुढं घातलंय,” मार्था म्हणाली. “बोलणी बसली तर आधी तुला बसतील.”

नाताळची सुट्टी होती. बारा वर्षांची मार्था आणि तिचा धाकटा भाऊ योसेफ जालन्याच्या बोर्डिंगातून औरंगाबादेला आजोबांकडे आले होते, आणि आल्यापासून गल्लीतला हौद कोरडा ठणठणीत होता. निजामाच्या राज्यात तेव्हा शहराला पाणी यायचं ते जमिनीखालच्या नहरीतून. आता बायका लांबच्या विहिरीवरून घागरी वाहत होत्या. कमरोद्दीन मुकादमाला विचारलं की तो डोंगराकडे बोट दाखवायचा; वरूनच पाणी आटलंय म्हणायचा. पण त्याच नहरीवरचा वरच्या गल्लीतला हौद काठावरून सांडताना योसेफनं सकाळीच पाहिला होता. वर सांडतंय आणि खाली थेंब नाही, म्हणजे मधेच कुठंतरी पाणी अडलं होतं. आणि आज दुपारी चर्चच्या आवारामागं, नहरीत उतरायच्या तोंडावरचं लोखंडी झाकण उघडं सापडलं.

दगडी पायऱ्या उतरून तिघं वाकून चालू लागले. विसेक पावलांवर उत्तर मिळालं. वरून येणाऱ्या नहरीच्या तोंडात एक रजई गच्च कोंबली होती आणि ती सरकू नये म्हणून फळी आडवी ठोकली होती. बाजूच्या भिंतीला ताजा चुना दिसत होता.

शफीकनं रजईला हात लावला आणि तो हसूच लागला. “ही आमच्या घरची! चाची तीन दिवस शोधतीय. चचांनी पाणी अडवून भिंत लिंपली, अन् रजई काढायचीच विसरले.”

योसेफही हसत फळीला टेकला. तेवढ्यात मागं धाडकन आवाज झाला आणि पायऱ्यांवरचा उजेड गेला. वर कमरोद्दीनचाच आवाज होता. झाकण उघडं टाकणाऱ्या कुणा बेजबाबदार माणसाला तो सात पिढ्यांवरून झापत होता. तीन दिवसांपूर्वी ते आपणच उघडं टाकलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मग झाकणावर जड दगड सरकवल्याचा आवाज आला. तिघांनी पायऱ्यांकडे धाव घेतली, झाकणावर मुठी आपटल्या, ओरडले. पावलं दूर गेली.

आणि मागं काहीतरी खळखळलं. योसेफच्या धक्क्यानं फळी एका बाजूनं निसटली होती. रजईच्या कडेनं पाण्याची धार सुटली होती.

फळी परत बसवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. ती बसेना. खालच्या बाजूला नहर बारीक खापरी नळांत शिरत होती; तिथून माणूस जाणं शक्य नव्हतं, आणि येईल तेवढं सगळं पाणीही जात नव्हतं. बघता बघता ते घोट्यांवर चढलं. मागं तीन दिवसांचं पाणी तुंबलेलं होतं. रजई सुटली तर भुयार छतापर्यंत भरायला किती वेळ लागेल, हे तिघांपैकी कुणीच मोठ्यानं बोललं नाही.

नळांजवळ छताला हवेसाठी मुठीएवढी भोकं होती. त्यांतून उजेडाचे कवडसे पडत होते आणि पेटीचे सूर येत होते. बरोबर डोक्यावर चर्चचं अंगण होतं, आणि तिथं आजोबांचं, पुंजारामबुवांचं, कीर्तन सुरू झालं होतं.

आज त्यांनी नवं आख्यान लावलं होतं. बोर्डिंगच्या मडमेनं सांगितलेली गोष्ट होती ती, फार जुन्या काळातल्या एलियाझर नावाच्या प्युरिटन माणसाची. राजाच्या चर्चमध्ये आपली भक्ती निर्मळ राहत नाही म्हणून हा कडवा माणूस बायको आणि पाच लेकरं घेऊन विलायतेहून अमेरिकेच्या किनाऱ्यावर वस्ती करायला निघाला. घरात त्याचा धाक असा, की वडीलधाऱ्यांनी विचारल्याशिवाय मुलांनी तोंड उघडायचं नाही. वादळात खलाशांनी जहाजाच्या तळाची झडप खिळे ठोकून बंद केली. आत हे कुटुंब, काळोख आणि फटींतून येणारं पाणी. त्यावरचं ध्रुपद, म्हणजे कीर्तनात फिरून फिरून म्हणायची ओळ, आजोबांनी स्वतः रचलं होतं: “दयाळा, दार उघड, लेकरे हाकारिती.”

मुलं ओरडली, पण टाळ-मृदंगात हाका बुडाल्या. बुवांचं निरूपण सुरू झालं तेव्हा पुन्हा ओरडली; भुयारात शब्दांचा नुसता घुमारा झाला.

“हाका नाय जात वर,” शफीक म्हणाला. “गाणं जाईल का?”

मग तिघांनी वरच्यांबरोबर ध्रुपद धरलं, जीव तोडून. ओळ संपताच वरून सारजाबाईंचा, शेजारच्या म्हातारीचा, भरला आवाज आला. आज मागचे टाळकरी काय गोड साथ देतायत, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. योसेफ रडायलाच लागला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं.

मार्थानं त्याला पाठुंगळी घेतलं. तिला एक जागा ठाऊक होती. त्या तळात एलियाझरची सर्वांत धाकटी मुलगी पेशन्स तापानं मरते. सरावात तिथं आजोबा चिपळ्या खाली ठेवून, डोळे मिटून गप्प उभे राहत. त्यांनी घरातल्यांना बजावलं होतं, की इथं कुणी खोकायचंसुद्धा नाही. ही जागा देवाची. महिनाभर ते या एका क्षणासाठी झटले होते. तो मोडायचा?

वर पेटी थांबली. टाळ थांबले. सारं अंगण गप्प झालं.

पाठीवर योसेफ थरथरत होता. मार्थानं मान वर केली आणि गायली, “दयाळा, दार उघड...” शफीकनं सूर धरला, मग योसेफनंही. ओळ संपली तरी ते थांबले नाहीत. तीच पुन्हा, तीच पुन्हा.

“देवदूत गं बाई,” वरून सारजाबाईंचा कापरा आवाज आला.

“देवदूत नाय, सारजाबाई,” आजोबा म्हणाले. “आमची मार्था हाय. वरच्या सुराला ती जरा चढी लागते.” आणि लगेच भोकाशी वाकून ओरडले, “पोरी, गात ऱ्हा! थांबू नको!”

मग वर नुसती धावाधाव. मुलं गातच पाणी कापत पायऱ्यांकडे सरकली. दगड ढकलला गेला, झाकण उघडलं, आणि दहा हात एकदम खाली आले. आधी योसेफ गेला, मग शफीक. मार्थाचा पाय वरच्या पायरीवर होता तेव्हा रजई सुटली. पाणी गर्जत आलं आणि खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

गल्लीतला हौद दिवे लागायच्या आत भरला. कमरोद्दीन मुकादम निथळणारी रजई घेऊन मान खाली घालून उभा राहिला. शफीकच्या चाचीनं त्याला काय काय ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही. मग शफीकला मात्र त्यानं जवळ ओढलं. जे मी तीन दिवसांत पाहिलं नाही ते तुम्ही एका दिवसात पाहिलंत, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

आजोबांनी तिघांना घोंगड्यांत गुंडाळून पहिल्या रांगेत बसवलं. मार्थानं हळूच माफी मागितली. त्यांची देवाची जागा मोडली होती ना.

“मोडली नाय,” ते म्हणाले. “एलियाझर भला होता गं, पण त्यानं लेकरांना गप्प बसायला शिकवलं. अन् मीबी तिथं गप्पच उभा ऱ्हायलो होतो.”

मग त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि आख्यान तिथूनच पुढं नेलं. पण त्या दिवसापासून पेशन्सच्या जागी ते कधी गप्प राहिले नाहीत. जिथं कीर्तन होई तिथल्या मुलांना ते पुढं बोलावत, आणि ध्रुपद मुलांकडूनच म्हणवून घेत.