न घेतलेला शॉट

एकेचाळीस वर्षं मी चित्रपटांची संकलक होते. तेव्हा फिल्म खरोखर कात्रीने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. मोठमोठे दिग्दर्शक माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, बाई, जमेल ना? त्यामुळे फिल्म शिकणाऱ्या नातीने शेवटच्या वर्षाच्या लघुपटात मलाच घेतलं, तेव्हा ओळखीपाळखीत ही बातमी कुणाला सांगायची मी बाकी ठेवली नाही.

माझ्याच खोलीत, माझ्या जुन्या टेबलापाशी तिने एकटीने चित्रीकरण केलं. मी फिल्म कापत बसायचं, एवढंच माझं काम.

संगणकावर जोडायला बसलो तेव्हा घोटाळा कळला. नऊच्या नऊ टेकमध्ये मी मध्येच मान वर करून कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघत होते आणि ओळखीचं हसत होते. मला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं.

"आजी, ज्या चुकीसाठी तू नटांना फाडून खायचीस, तीच नऊ वेळा केलीस," नात म्हणाली. "कुणाकडे बघत होतीस?"

आमच्या कामात पात्राने कुठे पाहिलं, की ते काय बघतंय हे पुढच्या शॉटमध्ये दाखवावं लागतं. नाहीतर प्रेक्षक तिथेच अडकतो. नजर कापून पाहिली, तर दृश्य लंगडं होत होतं. संध्याकाळी पाचला फिल्म द्यायची होती, नाहीतर तिचं वर्ष वाया जाणार होतं. पोरगी ओठ चावत होती, पण रडली नाही. माझ्यावर गेली आहे.

दोनच्या सुमाराला तिला नवव्या टेकनंतर आणखी एक शॉट सापडला. अकरा सेकंदांचा. हिरवं, किंचित उघडं दार. बाकी काही नाही.

तो तिने घेतला नव्हता. आणि आमच्या खोलीत त्या बाजूला कोरी भिंत आहे.

आम्ही तो पुन्हा लावला. दार मघापेक्षा जास्त उघडं होतं.

तिसऱ्यांदा लावला. आता आत हात जाईल एवढी फट होती.

"परत बघू नकोस," मी म्हटलं. "जोड."

कुठे कापायचं हे मी मुद्दामच सांगितलं नाही. माझं हसू पुरतं उमलायच्या आत तिने कापलं. मी दोन फ्रेम उशिरा कापलं असतं, आणि चुकले असते. एकेचाळीस वर्षांत माझ्या हाताखाली कुणी इतकं नेमकं कापलेलं मला आठवत नाही.

आठवड्याने संस्थेच्या छोट्या सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. तिची सुरू झाली तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली. पडद्यावर मी वर बघितलं, हसले, आणि ते दार आलं.

ते सताड उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

तेवढ्यात आमच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या बाईंनी, पडद्यावरची नजर न काढता, पाय आत घेतले. उशिरा आलेल्याला वाट द्यावी तसे. मग त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी. मग त्यापुढच्या मुलीने.

मग मी.

पलीकडे बसलेल्या नातीकडे मी हळूच बघितलं. तिचे डोळे पडद्यावरच होते. शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली होती.