शेवटून दुसरी

चढ संपतच नव्हता मेला. वळण आलं की बोरमला वाटायचं, झालं, हे शेवटचं… आणि त्याच्याआडून आणखी एक वळण निवांत पुढे यायचं. वनखात्याचा हा कच्चा रस्ता होंगचनच्या डोंगराला वेढे घेत थेट वरच्या पॉइंटपर्यंत जायचा. तिथून म्हणे ऑक्टोबरात डोंगरामागे डोंगर दिसतात. बोरमला दिसत होती फक्त पुढच्या चाकाखालची खडी. आठवडाभर दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीत उभं राहून पाय आधीच बोलत होते, त्यात ही सायकल.

क्लबची मंडळी केव्हाच पुढे गेलेली. ती अधूनमधून थांबायची, नाही असं नाही. पण बोरम धापा टाकत पोचेपर्यंत त्यांची संत्री सोलून, गप्पा मारून झालेल्या असायच्या. “आलात का? चला मग,” म्हणत अध्यक्ष म्योंगसाहेब टांग मारायचे. सगळ्यात जास्त दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी विसावा, हा कुठला न्याय?

तिच्या मागे होता फक्त इनहो. शेवटच्या सायकलस्वारामागे एकाने राहायचं आणि त्याला ओलांडून जायचं नाही, असा क्लबचा नियम. त्या माणसाला सगळे शेपूट म्हणत. वसंत ऋतूपासून हे शेपूट इनहोच होता. चढावर त्याचा चेहरा काही तिला दिसायचा नाही, मागून आवाज तेवढा यायचा. “खड्डा आहे, डावीकडून घ्या…” “पाणी प्या थोडं…” त्या आवाजाच्या ती कधी प्रेमात पडली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. पण हल्ली तो ऐकला की जीव खालीवर व्हायचा. बिचारा धडधाकट माणूस माझ्यापायी दर रविवारी रखडतोय. आज त्याला मोकळं करायचं आणि पुढच्या रविवारपासून येणंच बंद करायचं, असं ती ठरवून आली होती.

तिने ब्रेक दाबला आणि मागे वळली.

“तुम्ही पुढे जा.”

“नियम आहे ना…”

“खड्ड्यात गेला नियम. माझ्यामुळे तुमचे हाल होतात, मला नाही बघवत. जा म्हणते ना.”

इनहो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मान डोलावली आणि सुसाट निघाला. वळणाआड दिसेनासासुद्धा झाला.

गेला? इतक्या सहज? बोरमला रडूच आलं. जा म्हणणारीला कुठे खरंच जायला हवं असतं? ती सायकलवरून उतरली आणि ढकलत चालू लागली.

दोन वळणं गेली आणि ती जागीच थबकली. सायकल रस्त्यात आडवी, आणि इनहो कडेच्या गवतात उताणा. चेहरा लालबुंद, छातीचा नुसता भाता.

“पडलात?”

“नाही…” त्याला शब्द फुटेना. “दम… लागला.”

“मग एवढ्या जोरात गेलात कशाला?”

“वळणाआड जाईपर्यंत तरी… ऐट नको राखायला?”

मग एकेक बाहेर आलं. आठवडाभर लिफ्ट नसलेल्या इमारतींत पार्सलं पोचवून त्याच्या पायांत त्राण उरत नसे. चढ त्याला झेपतच नव्हता. शेपटाचं काम त्याने आपणहून मागून घेतलेलं, म्हणजे मागे पडलेलं कुणाच्या लक्षात येणार नाही.

बोरम मटकन खाली बसली. “म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते.”

“वेड्या आहात का तुम्ही?” तो कोपरावर उठला. “चढाची मला मनापासून चीड आहे. रविवारची झोप मोडून मी इथे कशाला येईन? पहिल्या दिवशी तुम्ही या डोंगराला शिव्या घालत होतात… एकेक काय अस्सल शिवी! मला वाटलं, ही पुढच्या रविवारीही येणार. म्हणून आलो. मग येतच राहिलो.”

“मी नव्हते येणार,” बोरम हळूच म्हणाली. “मागून तुमचा आवाज यायचा, म्हणून…”

सगळा उन्हाळा, सगळा पाऊस, दोघांनी हा नकोसा डोंगर एकमेकांपायी चढला होता. हसायलाही अंगात जोर नव्हता, तरी हसू आवरेना.

“मला आवडता तुम्ही,” इनहो म्हणाला. “दम लागलाय म्हणून नाही म्हणत.”

“मलाही,” ती म्हणाली, आणि घामेजला हात त्याच्यापुढे धरला. तो धरूनच तो उठला, आणि मग सोडायला विसरला.

वणवा लागला तर बंब वर जावा म्हणून काढलेला रस्ता तो, चांगला ऐसपैस. दोघं शेजारी शेजारी चालू लागले, सायकली बाहेरच्या हातांनी ढकलत. तेवढ्यात इनहोचा फोन वाजला. तो बोरमने घेतला. वर सगळे खोळंबलेत, शेपूट आहे कुठे, असं म्योंगसाहेब विचारत होते.

“शेपूट आता नाही, साहेब,” बोरम म्हणाली. “आम्ही दोघं बरोबर येतोय, चालत. खूप वेळ लागेल. तुम्ही जेवून घ्या.”