कोरा झालेला संगणक

"संगणक सुरू होतो, पण आत शुकशुकाट!" दिवंगत शिल्पकाराची पत्नी म्हणाली. "ह्यांच्या शेवटच्या वर्षावरची माझी फिल्म गेली. कुणीतरी सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकलीय. रविवारी ती लोकांना दाखवायची होती."

अक्का शांतपणे संगणकापुढे बसली. तिचे धाकटे भाऊ, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, मागे उभे राहिले. तिच्या प्रत्येक तपासात ते बरोबर असत आणि एक पाऊल मागे.

संगणकाला एक पेनड्राइव्ह लावलेलाच होता. त्याचं लांबलचक नाव वाचून अक्का पुटपुटली, "असं नाव माणूस देत नाही."

मग तिनं टर्मिनलची काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली. त्या संगणकावर उतरवता येतील अशा, सिस्टिम टाकणाऱ्या इन्स्टॉलरची यादी आली. पेनड्राइव्हच्या नावात दिसणारी जुनी आवृत्ती तीत होती.

"इथं कोण येतं?"

"काल दुरुस्तीवाला प्रिंटर बघून गेला. आणि भावोजी रोजच येतात, फिल्मच्या आवाजाचं काम करायला."

"दोघांना बोलवा. संगणक बिघडलाय, एवढंच सांगा."

दुरुस्तीवाला कोरा करकरीत लॅपटॉप घेऊन आला आणि आपल्यावर संशय आहे हे ओळखून भडकला. "चोर सोडून संन्याशाला सुळी!"

अक्कानं त्याच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा चालवली. यादीत फक्त नव्या आवृत्त्या.

मग दीर आला, जुनाट लॅपटॉप काखेत मारून. "बिघडला? मला विचारू नका. मी आवाज कापणारा-जोडणारा माणूस. ते काळ्या खिडकीत आज्ञा देऊन इन्स्टॉलर उतरवणं माझ्या बापजन्मी जमायचं नाही."

भोळा आहे बिचारा, मास्तरांना वाटलं.

अक्कानं त्याचाही लॅपटॉप मागून घेतला. यादीत जुनी आवृत्ती होती. तिनं सगळ्यांना बसायला सांगितलं.

"ही आज्ञा यंत्राला चालेल तेवढंच देऊ करते. नव्या लॅपटॉपला ही जुनी आवृत्ती मिळालीच नसती."

"दुसरीकडून आणली असेल की!" मास्तर म्हणाले.

"असेलही. म्हणून मी थांबले. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह आज्ञा देऊन तयार केला, की त्याला असं लांबलचक नाव आपोआप पडतं. म्हणजे हे काम काळ्या खिडकीतून झालं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं." ती दिराकडे वळली. "तुम्हाला तर फक्त संगणक बिघडल्याचं कळवलं होतं. इन्स्टॉलर आणि काळी खिडकी तुम्हाला कुठून सुचली?"

मग दिरानं खिशातून छोटी हार्ड डिस्क काढून वहिनीपुढे ठेवली.

"पुसण्याआधी फिल्म हिच्यावर उतरवून घेतली. टाकून द्यायला हात धजेना. दादाचे हात थरथरतात हो त्यात. छिन्नी गळून पडते. लोकांनी त्याला असं बघावं?"

"छिन्नी पडल्यावर ते हसलेत, ते पाहिलंत?" वहिनीनं विचारलं.

"हसला? मी... त्या जागी मी डोळे मिटून नुसतं ऐकायचो."

वहिनीनं डिस्क जोडली आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, भावोजी. आज बघा."