पौषातलं वऱ्हाड

हे रचून सांगितलेलं नाही. जिच्यावर गुदरलं ती गिरजाबाई माझी सख्खी मावसबहीण. भुताखेताच्या गोष्टींना जन्मभर हसत आलेली बाई. हल्ली ती हसत नाही.

आणि रात्रही नव्हती.

पौषातला रविवार. भर दुपार. कामोठ्यातली नवी सोसायटी, सहावा मजला, मागच्या बाजूची लहान खोली.

तिथं ते सुरू झालं.

गिरजाबाईचा संसार सारसोळ्याला झाला, खाडीकाठच्या घरात. घर बेताचं, पण अंगण असं की हळदीला अख्खी आळी नाचायची. मुलगा हरेश गाण्याचा वेडा. कमरेएवढे दोन काळे स्पीकर त्यानं पडवीत ठेवले होते. ते लागले की होड्यांवरची माणसंसुद्धा ठेका धरायची. पुढं घर बिल्डरकडे गेलं आणि ही मंडळी कामोठ्याला आली. स्पीकरही आले. खोली मात्र एकच शिल्लक होती. तिच्यात गिरजाबाईची खाट, आणि उशापायथ्याशी ती दोन धुडं.

पहिल्याच गाण्याला खिडकीच्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

“आई, लहान स्पीकर घ्यावे लागतील,” हरेश म्हणाला.

“मी कवाची सांगतंय. एक तं ती खोकी ठेव, नाय तं मना ठेव.”

“आई, असं विचारू नका,” सून सोनल स्वयंपाकघरातून ओरडली. “ते खोकी ठेवा म्हणतील!”

हसतखेळत सगळे वाशीच्या दुकानात गेले. तबरेज नावाचा पोरसवदा मालक होता, बोलायला गोड.

“खोली केवढी आहे, काकी?”

“खाट टाकली का संपली.”

“मग हे उंच टॉवर स्पीकर बघूच नका. छोट्या खोलीत मोठा बेस कोंडतो. गाणं राहतं बाजूला, नुसतं ढम ढम. हे घ्या.” त्यानं वीतभर उंचीचे दोन स्पीकर पुढं केले. “मागून बंद आहेत. भिंतीजवळ ठेवले तरी घुमणार नाहीत.”

“या डब्यांतून काय ऐकू येनार? मुंगीचं लगीन?”

“डोळे मिटून ऐका, काकी. माणूस समोर बसलाय असं वाटेल.”

गिरजाबाईनं डोळे मिटले. खरंच तसं वाटलं.

रविवारी तबरेज स्वतः ते लावायला आला. खाट भिंतीला सरकवली. स्पीकर कानाच्या उंचीला ठेवले. दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसायची जागा दाखवली, आणि गिरजाबाईनं तिथं आपला पाट मांडला. मग त्यानं खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली.

टण्ण… आवाज भिंतींवरून परत आला.

“रिकामी खोली अशी वाजते,” तो म्हणाला. “पडदा लावा, गोधड्या टाका, मग आवाज बसेल. बोला, काय लावू?”

गिरजाबाईला एकच आवाज ऐकायचा होता.

तिची थोरली नणंद वेणूबाई. धवलारीण होती. आमच्याकडं जुनी लग्नं धवलारीण लावायची, धवले गाऊन. वेणूबाईनं माईक कधी हातात धरला नाही, पण मांडवाच्या टोकाला बसलेल्याच्या अंगावर काटा यायचा. ती जाऊन वर्षं लोटली. धाकटी नणंद सगुणा, तिच्या लग्नातली एक कॅसेट तेवढी उरली होती. हरेशनं ती मोबाइलवर उतरवून घेतली होती. अर्धीच. दुसरी बाजू उतरवण्याआधीच टेपरेकॉर्डरनं रीळ खाल्लं.

पहिल्या बाजूला बोलावणं होतं. देवांना, पितरांना लग्नाचं आमंत्रण.

दुसऱ्या बाजूला बोळवण होती. आलेल्यांना माघारी धाडायची.

बोलावणं मांडवाबाहेर कुणी म्हणत नसे. वेणूबाई पोरींना शिकवतानासुद्धा शब्द गाळायची, नुसती चाल म्हणायची. आणि पौषात तर नाहीच. पौषात लग्न नसतं.

गिरजाबाईला हे सगळं ठाऊक होतं. वेणूबाईच्या मागं बसून तिनं वर्षानुवर्षं सूर ओढला होता.

“आई, स्पीकरची टेस्ट आहे,” हरेश म्हणाला. “लगीन थोडंच लावतोय?”

तिला नणंदेचा आवाज ऐकायचा होता. बस्स.

“लाव,” ती म्हणाली. “साव्या माल्यावर कोन येतंय? लिफ्टचं बटन तरी ठावं हाय का त्यांना?”

सगळे हसले.

या गो पितरांनू, मांडवान या…
सगुनाचे लगनाला बसाया या…

काय तो आवाज! वेणूबाईच्या दातांमधली फट ऐकू येत होती. दोन कडव्यांमध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता. गिरजाबाई पाटावर बसून पदरात रडली. मनानं ती सारसोळ्याच्या अंगणात होती, ओल्या हळदीच्या वासात, आपल्या माणसांत.

मग बोलावणं संपलं.

तबरेजनं उठून सवयीनं टाळी वाजवली.

फट्.

आवाज परत आलाच नाही…

त्यानं पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा तेच. ओल्या कापडावर हात मारावा तसं.

“पडदा लावला का कुणी?” त्यानं विचारलं.

कुणीच लावला नव्हता.

“असं तर…” तो अडखळला. “हॉल माणसांनी भरला की असं होतं. अंगं आवाज पितात.”

त्यानं पिशवी उचलली. दाराकडं निघाला. खोली रिकामी होती, वाट मोकळी होती. पण तो आडवा होऊन, पोट आत ओढून, खांदे चोरत चालला. दाराशी पोचल्यावर थबकला.

“मी असा का आलो?” त्यानं विचारलं.



त्या दिवसापासून खोली भरत गेली.

खिडकी उघडी, पौषाची थंडी, तरी आत घामट उबारा. भरलेला तांब्या ठेवावा, तर घोटभर पिण्याआधी कोरडा. गिरजाबाई खाटेच्या मधोमध आडवी व्हायची आणि जाग यायची ती भिंतीला चिकटलेली… पाठीशी दाटी.

मग कुजबुज सुरू झाली. बंद स्पीकरमधून.

हरेशनं वायरी काढल्या.

कुजबुज थांबली नाही.

वेणूबाईचा आवाज त्यात नव्हता. हे वेगळेच आवाज होते. जुने, खरखरीत, चिडलेले. लग्नघरात जेवण उशिरा वाढलं की मानाचे पाहुणे बोलतात तसे.

“पाट नाय…”

“पानी नाय…”

“बोलवायची हौस, बसवायला जागा नाय…”

सोनलनं एकदा आत झाडू मारायला पाऊल टाकलं. कुणीतरी तिचा पाय असा तुडवला की नख काळंनिळं झालं. “ते स्पीकर परत करा, नाहीतर मी माहेरी जाते,” तिनं हरेशला सांगितलं. हरेश तबरेजला फोन करत राहिला. तबरेज उचलेना.

शेवटी गिरजाबाईनं ठरवलं. बोलावलं आपण, घालवायचंही आपण.

दुपारी दार लावून घेतलं. हळदकुंकू वाहिलं. बोळवणीचे धवले तिला येत होते. गळा आता पूर्वीचा नव्हता, तरी तिनं सूर लावला. पहिलं कडवं झालं. खोली गप्प झाली…

इतकी गप्प, की तिला वाटलं, गेले.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या कानाशी हसलं.

मग सगळी खोली हसली.

“लगीन नाय बगलं आनि बोळवन?” एक म्हातारा आवाज म्हणाला. “न्हवरी कुटं हाय?”



बोळवण नवरी उंबऱ्याबाहेर पडल्यावर म्हणतात. त्याआधी तिचा काही उपयोग नाही. हे लग्नाला आले होते. लग्न बघितल्याशिवाय ते हलणार नव्हते.

आणि घरात लग्नाची मुलगी होती. हरेशची लेक उन्नती. पुण्याला नोकरीला. संक्रांतीला येणार होती.

गिरजाबाईनं फोन लावला. “येऊ नको या वक्ताला.” कारण विचारलं तर सांगता येईना. उन्नती हसली. “आजी, तुझे तिळगूळ सोडून मी कुठं जाऊ?”

सणाच्या आदल्या संध्याकाळी गिरजाबाई तीळ आणायला खाली उतरली होती. वर आली तर दारात ओळखीच्या चपला.

“कवा आयली? कुटं हाय ती?”

“आत्ताच. तुमच्या खोलीत गेली, नवे स्पीकर बघायला,” सोनल म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

खोलीचं दार लोटलेलं होतं.

आतून वेणूबाईचा आवाज येत होता…

स्वच्छ. समोर बसल्यासारखा.

गिरजाबाईनं दार ढकललं. उन्नती पाटावर बसली होती. डोळे मिटलेले. स्पीकरच्या वायरी सुट्या, जमिनीवर.

“आजी, कमाल आहे,” ती डोळे न उघडता म्हणाली. “यात माझं नाव कधी घातलंत?”

उन्नतीचे लगनाला बसाया या…

सगुणाचं नाव गेलं होतं. पुढच्या कडव्यात नवऱ्याचं नाव येतं. मग लग्न बांधलं जातं. वेणूबाईनं श्वास घेतला. दातांच्या फटीतून तो सुरकन वाजला…

“उठ!” गिरजाबाई ओरडली. “भाईर ये!”

उन्नतीनं डोळे उघडले. उठायला गेली आणि तिची मान मागं हिसडली. वेणी कुणीतरी धरली होती. मागं कुणी नव्हतं.

गिरजाबाई आत घुसली. रिकाम्या खोलीत तिला कोपरं लागली. गुडघे लागले. तोंडावर शिळ्या सुपारीचा श्वास आला. पोरीचा हात हाताला लागला, पण पोर जागची हलेना.

“आमचे घरची पोर,” कुणीतरी गुरगुरलं. “आमी लगनाचे पाटावर बसवनार.”

तेव्हा गिरजाबाईच्या तोंडून ते निघालं.

“ही आमचे घरची नाय!” तिनं मोठ्यानं सांगितलं. “आयका सगले! ही माजी कोन नाय. हरेशची नाय. कुनाचं पाप उचलून आनलं आनि वाढवलं. आमचं रगत नाय हिच्यान. हिच्यावर तुमचा हक नाय!”

आवाज थांबला.

वेणी सुटली.

उन्नती दाराबाहेर कोलमडली. तिनं आजीकडं पाहिलं. भूत बघितल्यावर चेहरा होतो तसा नव्हता तो. त्याहून वाईट होता.

“आजी… काय म्हणालीस तू?”

दार उघडं होतं. आत सगळे कान देऊन होते. आता एक मायेचा शब्द निघाला असता तर सगळं फुकट गेलं असतं.

“आयकलंस ना?” गिरजाबाई म्हणाली. “चालती हो. या घरान तुला जागा नाय.”

उन्नती त्याच संध्याकाळी परत गेली.

या गोष्टीला आता दोन पौष होऊन गेले. स्पीकर त्याच खोलीत आहेत, हात लावायची कुणाची छाती नाही. घरातला उन्नतीचा प्रत्येक फोटो उतरवला आहे. तिचं नाव घरात कुणी घेत नाही. हरेशनं लेकीला पुण्यात भेटून समजावलं, की आजी तिला सोडवायला खोटं बोलली. तिनं ऐकून घेतलं. किती पटलं, ते तिलाच माहीत. आजीशी ती बोललेली नाही. गिरजाबाई अजून तिथंच झोपते, भिंतीला लागून. पाहुण्यांना एकटं सोडलं तर ते घरभर शोधत फिरतील, असं म्हणते.

गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. तिनं मला वर नेलं नाही. सोसायटीच्या गेटबाहेर, रस्त्यापलीकडं नेऊन बसवलं.  मग पदर तोंडावर धरून, माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, “उन्नतीचं ठरलं. वैशाखान लगीन.”

मला आनंद झाला. मी तिचा हात धरला. 

“घरात सांगितलंस का?” मी विचारलं.

ती सहाव्या मजल्याकडं बघत होती.

“हरेशला ठावं. सोनलला ठावं,” ती म्हणाली. “आत नाय सांगितलं.”