मुकी पट्टी

चारला टेम्पो येणार होता, त्याच्या आत काम उरकायचं होतं. बाबांचा जुना इलेक्ट्रिक पियानो दादाने भंगारात काढला होता. त्याआधी धाकट्याला त्यातला एकेक आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा होता. त्याचा धंदाच तो: जुन्या वाद्यांचे आवाज उतरवायचे, म्हणजे ते साध्या कीबोर्डवरही वाजवता येतात. एक पट्टी आधी अलगद दाबायची, मग जरा जोराने, मग दणकून. बोट उचलल्यावर मागे राहते ती खरखरसुद्धा पकडायची. अशा त्र्याहत्तर पट्ट्या.

खरं तर बाबांनी जिवंतपणी त्याला या पियानोला हात लावू दिला नव्हता. नऊ वर्षांचा असताना त्याने रागाच्या भरात एक पट्टी दणकन मारली आणि आतली सळई तुटली. बाबा शांतपणे "हळू..." म्हणाले आणि त्याची बोटं पट्ट्यांवर असतानाच त्यांनी लाकडी झाकण आपटलं. तेव्हापासून ती पट्टी मुकी आणि त्याची करंगळी वाकडी. लोकांना सांगितलं, दारात सापडली.

"त्या मुक्या पट्टीचं काय करणार?" दादाने विचारलं.

"अशा वेळी शेजारच्या पट्टीचा आवाज ताणून भरतात. मी नाही भरणार. राहू दे रिकामी."

"सोड ना आता. गेलेल्या माणसावर कसला राग?"

"तुझी बोटं सरळ आहेत, दादा."

दादा गप्प बसला. त्या दिवशीही तो दारात उभा राहून असाच गप्प बसला होता, आणि धाकट्याचा त्याच्यावरचा राग बाबांवरच्या रागापेक्षा कणभरही कमी नव्हता.

टेम्पो गेला. पियानोच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता, खोलीत लख्ख ऊन होतं. त्याने तिथेच आपला प्लास्टिकचा कीबोर्ड मांडला, कॉम्प्युटरला जोडला. आता कोण अडवतो बघू, असं म्हणत तो वाजवायला बसला. आवाज हुबेहूब उतरला होता. वाजवता वाजवता करंगळी त्या रिकाम्या ठेवलेल्या पट्टीवर पडली.

लाकूड करकरलं.

त्याने स्क्रीनवर पाहिलं. त्या पट्टीपुढे काहीच भरलेलं नव्हतं. त्याने पुन्हा दाबली.

"हळू..."

खरं तर घाबरायला हवं होतं, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंभ जळाला तरी बाबांचा पीळ गेला नव्हता.

"काय हळू? तीस वर्षं हळूच चाललोय मी," तो म्हणाला आणि सगळ्या ताकदीने त्याने ती पट्टी हाणली.

झाकण आपटलं. त्या कीबोर्डला झाकणच नव्हतं.

दादा धावत आला आणि दारातच थबकला. धाकट्याने हात उन्हात धरला होता. करंगळी होती तशीच होती. तिच्या शेजारचं, आत्तापर्यंत सरळ असलेलं बोट तिच्याच कोनात वाकलं होतं.

दादाने त्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"दारात सापडलं म्हणून सांगू..."