माथ्यावरची एक्केचाळिसावी

राजनंदिनीच्या बुटाचा तळवा सुटला तो नेमका माथा शंभर पावलांवर असताना. एका हातात बूट, एक पाय नुसत्या मोज्यावर, अशी लंगडत ती घोरपडा डोंगराच्या टोकावर पोचली. पाहते तर काय... भुरभुरत्या पावसात काळी छत्री उघडून खाकी कपड्यातला एक तरुण दगडावर बसला होता. मांडीवर रजिस्टर, कानावर पेन.

"नाव?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"लिहायला."

तिनं नाव सांगितलं. त्यानं जीभ दातांत धरून अगदी शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि पुटपुटला, "एक्केचाळीस."

"सव्वीस!" राजनंदिनी तडकली. "एक्केचाळीसची दिसते मी तुम्हाला?"

तो इतका गडबडला की छत्री कलंडली. "वय न्हाय हो! नंबर. जानेवारीपासनं वर आलेली माणसं मोजतो मी. तुमी एक्केचाळिसाव्या."

ती हसत सुटली. हसता हसता मोज्याचा पाय चिखलात गेला तेव्हा तोही हसला, पण खाली मान घालून.

"नऊ महिन्यांत एक्केचाळीसच? इतक्या सुंदर जागी?"

"म्हणून तर सुंदर हाय की," तो म्हणाला.

त्याचं नाव चन्नवीर. गाव मैंदर्गी, घरी बोलणं कानडी. वनरक्षक म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याची नेमणूक इथं झाली होती, बार्शीच्या पलीकडं, बालाघाटच्या या शेवटच्या टोकाला. त्यानं पिशवीतून सुतळी काढली, तिचा बूट गुडघ्यावर घेतला आणि तळवा असा आवळून बांधला, जणू रोज हेच काम करतो. मग कडक भाकरी मोडून, शेंगाचटणी घालून अर्धी तिच्यापुढं धरली.

"सगळ्यांना देता?"

"चाळीस जणांना न्हाय दिली," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कान लाल करून बसला.

उतरताना वाटेत डोंगराची सोंड होती. माणूसभर रुंदीची धार, दोन्ही बाजूंना खोल उतार. चन्नवीर पुढं चालत होता आणि मागं न बघता म्हणत होता, "निधानक्के... निधानक्के..."

"म्हणजे?"

"सावकाश."

सोलापूरला परत जाताना, स्कूटीवरचे दोन तास, राजनंदिनी तो शब्द तोंडात घोळवत राहिली.

सोलापुरात ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होती. सहा दिवस संगणकासमोर बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. कुणाचं देवघर ईशान्येला, कुणाचा जिना बाहेरून. नकाशाच्या कोपऱ्यात सही मात्र साहेबांची. घरी आई, वच्छलाबाई, रोज एक नवं स्थळ सांगायची. ह्या सगळ्यातून रविवार तेवढा तिचा. आणि आता रविवार म्हटला की घोरपडा.

थंडी पडली तशी चन्नवीरनं तिला सोंडेखालच्या कड्यातलं घरटं दाखवलं. मोरघारीचं. दोघं पालथे पडून, दुर्बीण आळीपाळीनं डोळ्यांना लावून बघत राहिले. दुर्बीण देता-घेता बोटाला बोट लागायचं. कुणीच हात घाईनं मागं घ्यायचं नाही.

"दर वर्षी हितंच येत्यात," तो कुजबुजला. "एकच जोडी."

"आणि भांडण झालं तर?"

"तर बी हितंच. जाणार कुटं?"

महिन्यातून एकदा मीटिंगसाठी तो सोलापूरला यायचा. मग संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी दोघं शेंगा खात बसायची. शहरात आला की तो बिचकायचा, रस्ता ओलांडताना तिच्याच मागं मागं राहायचा. एकदा पाण्याकडं बघत तो म्हणाला, "शनिवारपासनंच मी रजिस्टर उघडून बसतो... उगीच."

"उगीच?"

"उगीच न्हाय..." आणि पुढं नुसत्या शेंगाच सोलत बसला.

राजनंदिनीला घरी जाताना वाटलं, आपण हे सगळ्यांना ओरडून सांगावं. ते सांगता येत नव्हतं. म्हणून तिनं डोंगर सांगितला.

सोंडेवरून ढग ओसंडताना तिनं काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. खाली लिहिलं होतं, 'आपल्या सोलापूरचा स्वर्ग'. तीन दिवसांत तो पाच लाख लोकांनी पाहिला. ऑफिसातल्या साहेबांनी पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली. अनोळखी मुली विचारू लागल्या, ताई, आम्हाला न्याल का?

"आणा की चार मैत्रिणी," चन्नवीरही कौतुकानं म्हणाला होता. ते खरं. दोष एकटीचा नव्हता, असं ती पुढं कितीतरी वेळा स्वतःला समजावणार होती.

चारच्या दहा झाल्या, दहाच्या चाळीस. 'रविवार डोंगर' नावाचा तिचा ग्रुप झाला, बस ठरू लागली. स्टेजवर उभं राहावं तशी ती बसच्या दारात उभी राहून सूचना द्यायची आणि माणसं ऐकायची. आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी कोपऱ्यात तिची स्वतःची सही होती. मग तिचं बघून पुण्याचे, लातूरचे, धाराशिवचे ग्रुप आले. जूनमधल्या एका रविवारी रजिस्टरात नऊशे नावं झाली. सोंडेवर रांग लागू लागली. माथ्यावर फोटोसाठी भांडणं, गवतात बाटल्या, कड्यावर रंगानं लिहिलेली नावं.

चन्नवीर आताशा भेटला की दमलेला असायचा. आवाज बसलेला. "राजनंदिनी, साहेबांकडनं लेखी आणलंय मी," एकदा तो म्हणाला. "दिवसाला शंभर. त्याच्या वर एक न्हाय. सोंड तेवढंच पेलती."

"बरोबरच आहे," ती म्हणाली. आणि तेव्हा तिला ते खरंच बरोबर वाटलं होतं.

मग श्रावणातला तो रविवार आला. जोडून सुट्ट्या होत्या. तिच्या दोन बसगाड्या भरल्या. एकशे चार माणसं, सगळ्यांना शब्द दिलेला. शनिवारी दुपारी तिनं फोन लावला.

"फक्त माझ्या दोन गाड्या. सकाळी सहालाच येतो."

"शंभर म्हणजे सगळे मिळून शंभर. तुमीच असं केल्यावर..."

"चन्नवीर... माझ्यासाठी. एकदाच."

पलीकडं वारा घोंघावत होता. मग तो म्हणाला, "या."

आपलं कुणीतरी ऐकतं, याचा केवढा आनंद झाला तिला! आरशासमोर उभी राहून ती स्वतःशीच हसली होती.

सहाला तिच्या दोन गाड्यांसाठी पायथ्याचा अडसर वर गेला. सातपर्यंत मागं गाड्यांची रांग लागली होती. "त्यांना सोडलं, आम्हाला का नाही? तुमची कोण लागते ती?" कुणीतरी ओरडलं आणि माणसं हसली. दोन मजूर आणि चन्नवीर, तिघं किती अडवणार? साडेसातला अडसरच मोडून पडला. तेवीसशेपर्यंत त्यानं मोजलं. मग मोजणं सोडून तो धावत सोंडेवर गेला.

वर जाणारे आणि खाली येणारे त्या माणूसभर धारेवर समोरासमोर अडकले. मागून रेटा, वरून पाऊस. चन्नवीर दोर बांधून, उतारावर पाय रोवून चार तास उभा होता. एकेकाला दंडाला धरून पलीकडं काढत होता. त्याच्या तोंडून तोच शब्द निघत होता, 'निधानक्के', पण त्या गलक्यात तो ऐकत कोण होतं? राजनंदिनी रांगेत वीस माणसं मागं होती. तिच्या डोळ्यांदेखत टेंभुर्णीच्या एका पोक्त गृहस्थाचा पाय सरकला, चन्नवीरनं झेप घेऊन त्याचा सदरा पकडला, आणि दोघं खाली गेले.

गृहस्थ झुडपात अडकला, खरचटण्यावर निभावलं. चन्नवीर त्याच्याखाली खडकावर आपटला. उजव्या खांद्याचा चुरा झाला.

आठवड्यानं चौकशी झाली. टेबलापलीकडं वनखात्याचे साहेब, बाजूला खांदा बांधलेला चन्नवीर, आणि जबाबासाठी बोलावलेली राजनंदिनी.

"मर्यादा शंभरची होती," साहेब म्हणाले. "मग पहिल्या दोन गाड्या का सोडल्या? कुणी सांगितलं?"

चन्नवीरनं एकदाच तिच्याकडं पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. वाट पाहणं होतं. मी हट्ट केला... एवढे तीन शब्द तिच्या ओठांशी आले होते. पण त्याच वेळी फोनवरच्या शिव्या आठवल्या, 'हिलाच धरा' म्हणणारी माणसं आठवली, दारात येऊन गेलेला पत्रकार आठवला, आईचा चेहरा आठवला. तिनं मान खाली घातली. फरशीवर शाईचा एक जुना डाग होता, त्याच्याकडं बघत राहिली.

"माझी चूक, साहेब," चन्नवीर म्हणाला. "मीच सोडल्या."

त्याची बदली जुन्नरकडं झाली. डोंगर बंद झाला. तिनं ग्रुप मोडला, पुन्हा नकाशे काढू लागली. त्याला फोन केले, त्यानं उचलले नाहीत. हिवाळ्यात परवानगी काढून ती एकदा सोंडेपर्यंत गेली, पालथी पडली, दुर्बीण लावली. घरट्याच्या काटक्या विस्कटल्या होत्या. मोरघारी आल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात तिनं दोन पानी पत्र लिहिलं. शनिवारचा फोन, आपला हट्ट, आपली मुकी मान, सगळं. वनखात्याच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "सहा महिन्यांनी?" एवढंच म्हणाले, आणि पत्र फायलीला लावलं.

उन्हाळा कलता कलता त्याचा फोन आला.

"खांद्यातली स्टीलची पट्टी काढायला सोलापुरात आलो होतो. चारच्या गाडीनं मैंदर्गीला चाललोय. स्टँडवर हाय... येता का?"

ती ऑफिसातून तशीच निघाली. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर तो बसला होता. वाळला होता, पण हसू तेच, खाली मान घालून आलेलं. तिच्यासाठी त्यानं आधीच चहा सांगितला होता.

"साहेबांनी पत्र वाचून दाखवलं मला. फोनवर," तो म्हणाला. "सेवापुस्तकातला शेरा काढायचं बघतो म्हणाले. तुमचे उपकार हायत."

"उपकार?" ती म्हणाली. "असं बोलू नकोस. चन्नवीर, मी... मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. रोज वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं मी."

"व्हय," तो म्हणाला.

ती थांबली. असू दे, झालं गेलं, असलं काहीतरी तो म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो चहाकडं बघत होता.

"गर्दीचं मी कवाच सोडून दिलंय," मग तो हळू म्हणाला. "अडसर माझ्या हातात होता. तुमी मागितलं, मी दिलं, त्याचं मला वाईट बी न्हाय वाटत. पण साहेबांनी विचारलं, मी तुमच्याकडं बघितलं... आन् तुमी खाली बघितलं. नोकरीचं भ्या नव्हतं मला. मला एवढंच वाटलं होतं, की माझ्या बाजूला कुणीतरी हाय."

"आता आहे ना मी."

"ठावं हाय. खोटं न्हाय बोलत, माझंबी मन हाय तुमच्यावर. अजून." त्यानं पेला खाली ठेवला. "पण उद्या काय बी अडचण आली की मी पहिलं तुमच्याकडं बघणार... आन् बघायलाच भ्या वाटणार. तसं कसं राहायचं माणसानं?"

तिला खूप काही सांगायचं होतं. मी बदललेय, एकदा परीक्षा घे, थांब. पण त्याचं बोलणं इतकं साधं होतं की त्याच्यापुढं ते सगळं तिला पोकळ वाटलं. टपरीवाल्यानं रिकामे पेले उचलले. फलाटावर अक्कलकोट, मैंदर्गीचा पुकारा झाला.

त्यानं पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. तिनं पटकन पुढं होऊन ती नीट केली, पट्टा सरळ केला, आणि त्या निमित्तानं क्षणभर हात तिथंच ठेवला. त्यानं ठेवू दिला.

"आईंना नमस्कार सांगा," तो म्हणाला. "आन् आलेल्या स्थळांना सारखं न्हाय म्हणू नका."

"आणि तुला आलेल्यांना तू नाही म्हणशील?"

"मी म्हणंन," तो हसला. "मला तितं डोंगरात कोण विचारतंय?"

गाडी गच्च होती. माणसांतून वाट काढत तो खिडकीशी आला. गाडी हलली तशी ती दोन पावलं बरोबर चालली, मग फलाट संपला. निरोप द्यायला त्यानं उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर जाईना. क्षणभर तो तसाच अवघडला, आणि मग डावा हात बाहेर काढून गाडी वळेपर्यंत हलवत राहिला.